हैदराबादचे शिपाई

सोलापूर सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत नळदुर्ग येतं. बोरी नदी, किल्ल्याचा लांबलचक तट, पावसाळ्यात पाणीमहालावरून कोसळणारे नर-मादी धबधबे. इथे गाडी थांबवणारे बहुतेक जण हे पाहायला थांबतात. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे याच रस्त्याने भारतीय लष्कराची मुख्य फळी निजामाच्या राज्यात शिरली. त्याच दिवशी, याच परिसरात, शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले.

पहाटे चारच्या सुमाराला त्यांच्या तुकडीला समोरून येणाऱ्या दोन गाड्या दिसल्या. गाड्यांमधून गोळीबार सुरू झाला. बचित्तर सिंग धावून गेले आणि माणसांसकट दोन्ही गाड्या ताब्यात घेतल्या. पुढच्या चढाईत लाइट मशीनगनच्या एका ठाण्यापासून तीसेक यार्डांवर असताना त्यांच्या मांडीत गोळ्या घुसल्या. उठता येईना, तेव्हा ते सरपटत पुढे गेले, दोन हातबॉम्ब फेकले आणि मशीनगन बंद पाडली. मागे न्यायला आलेल्यांना त्यांनी नकार दिला आणि सोबत्यांना पुढे जायला सांगत राहिले. तिथेच त्यांचा शेवट झाला. ते अमृतसर जिल्ह्यातल्या लोपोके गावचे. नळदुर्ग हे नाव त्यांच्या घरच्यांनी त्याआधी कधी ऐकलंही नसेल.

१९५२ च्या जानेवारीत अशोक चक्र हा सन्मान सुरू झाला आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला तो लागू करण्यात आला. पहिल्या मानकऱ्यांत बचित्तर सिंग होते. त्याच मोहिमेत तुंगभद्रेवरच्या रेल्वे पुलाजवळ कुकरी उपसून मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेलेले गुरखा पलटणीचे नाईक नरबहादूर थापा यांनाही तो मिळाला. अशोक चक्र शत्रूच्या समोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी दिलं जातं. शत्रूसमोरच्या शौर्यासाठी परमवीर चक्र आहे. हैदराबादची मोहीम सरकारदरबारी पोलीस कारवाई होती, त्यामुळे रणगाडे, विमानं आणि एक अख्खी चिलखती डिव्हिजन उतरलेल्या या पाच दिवसांतल्या शौर्याची नोंद शांतताकाळाच्या खात्यात झाली. शौर्यात त्याने काही उणं पडलं नाही. पण युद्ध झालंच नाही असं एकदा ठरलं की युद्धात मेलेल्यांची मोजदाद करायचीही गरज उरत नाही. पुढे लिहायचं आहे ते या मोजदादीविषयी.

त्या लाइट मशीनगनमागे जो बसला होता तोही शिपाईच होता. त्याचं नाव मानपत्रात असण्याचं कारण नाही. तो हैदराबादच्या फौजेत होता, आणि या फौजेचा इतिहास मराठी माणसाला वाटतो तितका परका नाही.

निजामाने १७९८ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. त्यातून १८०६ मध्ये हुसेनसागराच्या पलीकडे सिकंदराबादची छावणी वसली. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणि निजामाच्या पैशाने आणखी एक सैन्य उभं राहिलं, हैदराबाद कॉन्टिंजंट. त्याच्या छावण्या बोलारममध्ये होत्या, तशाच हिंगोली, जालना, औरंगाबाद, एलिचपूर आणि मोमिनाबाद, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत होत्या. या सैन्याचा पगार थकत गेला आणि निजाम कर्जात बुडाला. १८५३ मध्ये त्या पगारापोटी त्याला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. सोबत रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूखही गेला. नळदुर्गचा कारभार तेव्हा मेडोज टेलरकडे आला, ठगांवरच्या कादंबरीमुळे आपल्याला ठाऊक असलेला तोच टेलर. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळाला नाही. वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा सारा बोलारमच्या शिपायाच्या पगाराला जात होता. लढाईचा खर्च रणांगणापासून किती लांबवर वसूल होतो, त्याचं इतकं ठसठशीत उदाहरण दुसरीकडे शोधायला नको.

१८५८ मध्ये सर ह्यू रोज झाशीवर चालून गेला तेव्हा हेच कॉन्टिंजंट त्याच्या फौजेत होतं. झाशी, काल्पी, ग्वाल्हेर. ज्या लढायांची वर्णनं ऐकत मराठी मुलं मोठी होतात, त्यांत राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्या विरुद्ध बाजूला हैदराबादचे स्वार आणि पायदळ उभं होतं. याच पलटणींची पुढे १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तिचं नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट ठेवण्यात आलं. १९४२ मध्ये हैदराबाद रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झालेले मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ बडगामला कुमाऊँच्या चौथ्या बटालियनमधल्या एका कंपनीचं नेतृत्व करताना कामी आले आणि देशातल्या पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी ठरले. त्यांच्या त्या बटालियनचं मूळ १७८८ मध्ये एलिचपूरच्या नबाबाने उभारलेल्या फौजेत आहे, म्हणजे आजच्या अचलपुरात. ज्या परंपरेतले शिपाई झाशीच्या तटाला शिड्या लावत होते, तिच्यातूनच श्रीनगरचा विमानतळ वाचवणारे आले. शिपाई हुकूम ऐकतो. हुकूम कोणाचा आणि कशासाठी, हे त्याच्या हातात फार कमी वेळा असतं. म्हणून तो कोणत्या झेंड्याखाली उभा होता एवढ्यावरून त्याची किंमत ठरवणं मला पटत नाही.

हैदराबाद शहरात या शिपायांच्या वस्त्या अजून आहेत. मासाब टँकच्या बाजूला फर्स्ट लान्सर नावाचा मोहल्ला आहे. तिथे निजामाच्या पहिल्या लान्सर्स रिसाल्याचा तळ होता. हा रिसाला १९१४ मध्ये इजिप्तला गेला, सुवेझ कालव्याच्या राखणीला उभा राहिला आणि पुढे पॅलेस्टाइनपर्यंत पोचला. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहरावर भाले घेऊन दौडत गेलेले घोडेस्वार जोधपूर आणि म्हैसूरचे होते. हैदराबादचा रिसाला त्याच ब्रिगेडमध्ये होता. या ब्रिगेडचं स्मारक म्हणून दिल्लीत उभ्या असलेल्या तीन मूर्तींमधली एक हैदराबादची आहे. फर्स्ट लान्सरमधल्या गल्ल्यांतून हिंडताना मात्र सुवेझची आठवण करून देणारं काही सापडत नाही.

तिथून जवळच एसी गार्ड्स आहे. एसी म्हणजे आफ्रिकन कॅव्हलरी. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी घोडेस्वारांच्या वंशजांची ही वस्ती. चांद्रायणगुट्ट्याच्या पुढे बारकस आहे, येमेनच्या हद्रमौत भागातून निजामाच्या चाकरीत आलेल्या अरब शिपायांची. तिथे सकाळी हरीसाची भांडी उतरतात, म्हातारे लुंगी नेसून चबुतऱ्यावर बसलेले असतात आणि पेरूच्या दिवसांत गाड्यांवर बारकसचे पेरू येतात. हैदराबादच्या लग्नात, मग ते हिंदूंचं असो वा मुसलमानांचं, जो मर्फा वाजतो तो या अरब आणि सिद्दी शिपायांनी आणलेला.

सप्टेंबर १९४८ नंतर ही सगळी माणसं एकदम माजी झाली. १८ सप्टेंबरला हैदराबादचे सरसेनापती सय्यद अहमद अल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्यानंतर संस्थानाचं सैन्य टप्प्याटप्प्याने मोडण्यात आलं. थोडे भारतीय सैन्यात सामावले गेले. बाकीच्यांच्या अंगावरचा गणवेश उतरला आणि हातात दुसरा धंदा नव्हता. अनियमित फौजेतल्या अनेक अरबांना पकडून एडनच्या जहाजात बसवण्यात आलं. त्यांतले कित्येक दख्खनमध्येच जन्मलेले होते, त्यांच्या बायका इथल्या होत्या. हद्रमौत त्यांनी आजोबांच्या गोष्टींतच पाहिलं होतं. लढाई हरलेल्या शिपायाला पुढे काय मिळतं, हे पाहायचं तर बारकसच्या त्या दोन पिढ्यांचा इतिहास वाचावा. नवं राज्य उभं राहत असताना त्यांच्याबद्दल संशय असणं समजण्यासारखं आहे. पण पगारावर ठेवलेला शिपाई आणि रझाकार यांच्यात फरक करायला हवा होता, आणि तो बऱ्याच ठिकाणी केला गेला नाही.

रझाकारांविषयी मराठवाड्यात कोणाला वेगळं सांगायला नको. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या या स्वयंसेवक दलाने १९४७-४८ मध्ये गावोगाव जे केलं ते अजून घराघरांत सांगितलं जातं. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात कत्तल झाली, ऑगस्टमध्ये तेलंगणातल्या भैरानपल्लीत झाली. सीमेपलीकडे सोलापूर-बार्शीकडे निर्वासितांची रीघ लागली. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्लाह खान यांना हैदराबादच्या रस्त्यात गाठून ठार मारण्यात आलं. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. त्या राजवटीचा शेवट व्हायलाच हवा होता आणि तो लष्कराने केला. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा फडकतो तेव्हा माझं मन आजही भरून येतं.

पण झेंडा फडकल्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं?

पाच दिवसांत भारतीय फौजेचे शंभराच्या आतच जवान मृत्युमुखी पडले. हैदराबादच्या बाजूचे त्याहून कितीतरी अधिक. लष्करी पुस्तकांत मोहीम इथे संपते. गावांमध्ये ती संपली नाही. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड रझाकार नसलेल्या मुसलमानांवर उगवला गेला. कारागीर, शेतमजूर, दुकानदार, बाया, मुलं यांच्यावर. बातम्या दिल्लीला पोचल्यावर पंडित नेहरूंनी एक सदिच्छा मंडळ पाठवलं. पंडित सुंदरलाल त्याचे प्रमुख होते, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री सदस्य. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते संस्थानात फिरले. १६ पैकी ९ जिल्हे, कित्येक शहरं आणि खेडी त्यांनी पाहिली. न पाहिलेल्या शंभरावर गावांतली माणसं बोलावून त्यांच्या जबान्या घेतल्या. त्यांचा अंदाज असा की कारवाईच्या काळात आणि नंतर मिळून २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ बसली ती उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा आणि नांदेड या चार जिल्ह्यांना.

उस्मानाबाद आणि नांदेड. म्हणजे आपण. यातली बरीच गावं मराठी बोलणारी होती, मारणारे मराठी बोलत होते आणि मरणारेही घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलत होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. रझवीचं गाव म्हणून तिथे सूड अधिक दिवस चालला असं समितीने लिहिलं आहे. एका ठिकाणी विहिरीत अकरा प्रेतं मोजल्याची नोंद आहे. त्यांत एक बाई होती आणि तिच्या छातीशी तिचं तान्हं मूल तसंच बिलगलेलं होतं. समितीने हेही लिहिलं की लष्करी अधिकारी पुष्कळ ठिकाणी शिस्तीने आणि माणुसकीने वागले, पण काही जागी सैनिक आणि पोलिसांनी लुटीला चिथावणी दिली आणि काही जागी स्वतः भागही घेतला. सोलापूरकडून आलेल्या धार्मिक संघटनांच्या टोळ्यांचा उल्लेखही त्यात आहे.

सरदार पटेलांना हा अहवाल एकांगी वाटला. रझाकारांनी आधी केलेलं त्यात पुरेसं आलं नाही, हा त्यांचा आक्षेप होता. आकड्यांबद्दल अभ्यासक आजही वाद घालतात आणि तो घातलाही पाहिजे. पण वाद घालायलाही कागद समोर असावा लागतो, आणि हा अहवाल दशकानुदशकं बंद राहिला. एखाद्या गावची नेमकी यादी कोणी विचारली तर ना रझाकारांनी मारलेल्यांची मिळते, ना नंतर मारलेल्यांची. आपण कोणाचीच मोजदाद केली नाही. एकाची केली असती तर दुसऱ्याची करावी लागली असती.

या अहवालातलं एक निरीक्षण मी मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत वाचून दाखवलं असतं. एकाच धंद्यातल्या माणसांनी एकमेकांना वाचवलं, असं समितीला ठिकठिकाणी आढळलं. एके ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांवर चालून आलेल्या हिंदूंना अडवलं, आणि तसं करताना स्वतःचे जीवही गमावले. पळवून नेलेल्या बायका परत आणायला पुष्कळ हिंदूंनी मदत केली. मागाला माग लावून बसणाऱ्यांचं हे शौर्य कुठल्याच पदकाच्या नियमांत बसलं नाही.

हैदराबादकडे परत येऊ. आजच्या शहरात माजी सैनिक दिसतात ते सैनिकपुरी, यापराल, बोलारम, अलवाल, तिरुमलगिरीच्या बाजूला. गोवळकोंड्याला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, सिकंदराबादला आर्मी ऑर्डनन्स कोअर आणि ईएमईचं. देशभरातली माणसं इथे भरती होऊन येतात, सर्व्हिस करतात आणि हवा मानवली म्हणून इथेच घर बांधतात. त्यांत सातारा-सांगलीकडचेही पुष्कळ आहेत. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायला त्यांची बँकांत गर्दी होते. ब्लेझरच्या खिशावर रेजिमेंटचं चिन्ह, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झिजलेली प्रत. यंत्रावर अंगठा टेकवायचा. वय झालेल्या बोटांचे ठसे पुसट झालेले असतात, यंत्र घेत नाही, मग ओल्या फडक्याने बोट पुसून पुन्हा टेकवायचं. पुढचा मागच्याला युनिट विचारतो. पासष्टचा की एकाहत्तरचा, तेही विचारतो. १९७१ चे जवान आता पंच्याहत्तरीच्या पलीकडे गेलेत, तरी आपल्या कंपनीतल्या, न परतलेल्या पोरांची नावं त्यांना हजेरीच्या क्रमाने आठवतात. यांना सन्मान म्हणून भाषण नको असतं. दवाखान्यात औषध वेळेवर मिळावं, फाइल अडकू नये आणि कोणीतरी दहा मिनिटं बसून ऐकून घ्यावं, एवढंच ते मागतात.

सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर वीरुला सैनिक स्मारक आहे. राष्ट्रीय सणांना तिथे पुष्पचक्रं वाहिली जातात. ज्यांची नावं या शहराने अलीकडे मनात ठेवली त्यांत मेजर पद्मपाणि आचार्य आहेत. ओडिया घरातले, हैदराबादेत जन्मलेले, उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतलेले. वडील हवाई दलात विंग कमांडर होते आणि त्यांनी स्वतः युद्धं पाहिली होती. राजपुताना रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनमधल्या आचार्यांनी २८ जून १९९९ रोजी तोलोलिंगच्या पुढच्या डोंगरधारेवर कंपनी नेली आणि ते परतले नाहीत. आठवड्यापूर्वीच त्यांना तीस वर्षं पूर्ण झाली होती. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. वडिलांना लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्यांनी एक साधी मागणी केली होती. गरोदर असलेल्या पत्नीला रोज महाभारतातली एक गोष्ट सांगा, म्हणजे होणाऱ्या बाळावर चांगले संस्कार होतील. काही महिन्यांनी मुलगी झाली. तिने वडिलांना पाहिलं ते फोटोंमध्ये आणि पत्रांमध्ये.

कारगिलच्या आधीच्या युद्धांत जवानाचा देह सहसा घरी येत नसे. तार यायची. १९९९ पासून पेटी घरी येऊ लागली आणि मरणाला गावाने पाहिलेला चेहरा मिळाला. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात वीस जणांचा बळी गेला तेव्हा १६ बिहारचे कर्नल संतोष बाबू यांचा देह हकिमपेटच्या विमानतळावर उतरला आणि रस्त्याने सूर्यापेटला गेला. तेलंगणा सरकारने कुटुंबाला ५ कोटी रुपये, भूखंड आणि पत्नीला सरकारी नोकरी दिली. गावात पुतळा उभा राहिला. सरकारने केलं ते योग्यच केलं. त्याच दिवशी गेलेल्या साध्या शिपायाच्या घरीही तितकीच मदत पोचावी, ती त्याच्या राज्याच्या तिजोरीवर आणि त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांवर अवलंबून राहू नये, असं मला मनापासून वाटतं. दर्जा निवृत्तिवेतनात असावा, शोकात नको.

१९४८ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीकडे झुकलं आहे. मुखेड, औसा, उमरगा, हदगाव, उदगीर या बाजूला अशी माणसं अजून ओसरीवर बसलेली सापडतील, बारकस आणि एसी गार्ड्समध्येही सापडतील. मराठवाड्यातल्या विद्यापीठांत इतिहासाचे विद्यार्थी आहेत, प्रत्येक तालुक्याला महाविद्यालय आहे आणि हातातल्या फोनवर आवाज साठवता येतो. गावागणिक एक वही करावी. पहिल्या पानावर रझाकारांशी लढताना किंवा त्यांच्या हातून गेलेल्यांची नावं. मग त्या शिवारात पडलेल्या जवानांची, भारतीय फौजेतल्या आणि हैदराबादच्याही. मग नंतरच्या आठवड्यांत मारल्या गेलेल्यांची. नाव, वय, धंदा, कुठे पुरलं किंवा जाळलं, घरातलं कोण उरलं आणि ते कुठे गेलं. शेवटचा रखाना वाचवणाऱ्यांचा. विणकरांपासून सुरुवात करावी.